गुऱ्हाळावर वाळवलेली टाकी

माझे धाकटे मामा आरमारात पाणबुडे होते. सत्तरचं दशक संपत आलं असताना ते निवृत्त होऊन गावी आले, ते लोखंडी ट्रंकेबरोबर दोन पिवळ्या, लांबट टाक्या घेऊन. मुंबईच्या गोदीत एका परदेशी जहाजावरच्या माणसाने जाताना त्या त्यांना देऊन टाकल्या होत्या. टाकी पाठीवर बांधायची, नळी तोंडात धरायची आणि पाण्याखाली श्वास घेत काम करायचं. आमचं आजोळ इस्लामपूरच्या पुढे, कृष्णाकाठी. तिथे असल्या माणसाला काम कमी पडत नाही. विहिरीत मोटर पडली किंवा नदीत पंपाच्या पाइपचं तोंड बुजलं, की लोक मामांना शोधत यायचे.

पण मामांचा जीव थट्टेत. टाकीत ऑक्सिजन असतो असं सगळ्या गावाला वाटे. असते ती साधी हवा, दाबून भरलेली. मामा ते कुणाला सांगत नसत. एखादा म्हातारा दम खात पारावर बसला, की टाकी आणून नळी त्याच्या तोंडात देत आणि म्हणत, "महाबळेश्वरची हाय. जपून घ्या." दाबातून सुटलेली हवा गार लागतेच. म्हातारा डोळे मिटून म्हणे, "व्हय रं, लय गार हाय."

मी साताऱ्याकडच्या कोरडवाहू गावातला. मामांच्या याच घरी राहून, जेवून सांगलीला इंजिनिअरिंग शिकलो. आमच्या दोन्ही घराण्यांतला पहिला पदवीधर. मामींनी पहाटे उठून बांधून दिलेल्या भाकरीवर माझी पदवी उभी आहे, हे मी आजही विसरत नाही. थोरले मामा शेती बघत. त्यांना माझा अभिमान असा, की गावातलं बिघडलेलं सगळं माझ्यासमोर यायचं. रेडिओ आला, पंप आला, आणि एकदा शेजाऱ्याची म्हैस दूध का चोरते हेही मलाच विचारण्यात आलं.

मला पदवी मिळाली त्या वर्षीच्या हिवाळ्यात गावच्या पाणीपुरवठा सोसायटीचा नदीतला पाइप बुजला. पाणी वर चढेना आणि ऊस माना टाकू लागला. सोसायटीचे आणखी बरेच पंप नदीवर होते. हे काम नीट झालं तर पुढची सगळी कामं धाकट्या मामांनाच द्यायची, असं ठरलं होतं. मामा टाक्या भरून आणायला मिरजेला निघाले आणि मलाही बरोबर घेतलं.

मिरजेला हवा भरून देणारा एक वयस्कर गृहस्थ होता. त्याने या खेपेला पहिल्यांदाच टाकी हातात घेऊन नीट पाहिली, बोटांनी वाजवली आणि खाली ठेवली.

"पोलादाची नळकांडी मी रोज तपासतो," तो म्हणाला. "ही जर्मनची हाय." आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. "जुनी हाय, तपासणी कवा झाली ठावं न्हाई. मी हवा भरणार न्हाई."

"मग तपासा की," मामा म्हणाले.

"पोलादाचं गणित माझ्याकडं हाय. हिचं कोण सांगणार?"

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो इंजिनेर हाय."

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. माझ्या एका सरांनी कपाटातली पुस्तकं काढून संध्याकाळपर्यंत मला समजावून दिलं. ॲल्युमिनियमची टाकी जुनी झाली म्हणून टाकून द्यायची नसते. आधी आत उजेड टाकून गळ्याशी चीर आहे का बघायचं. मग टाकी पाण्याने भरून, पाण्याच्याच बंद पिंपात बुडवून, नेहमीपेक्षा बराच जास्त दाब द्यायचा. टाकी किंचित फुगते, तेवढं पिंपातलं पाणी काचेच्या बारीक नळीत वर चढतं. दाब सोडला की टाकी आक्रसते आणि पाणी खाली येतं. पाणी जवळजवळ मूळ जागी आलं तर टाकी चांगली. वरच थबकलं तर टाकी गेली.

मिरजेच्या मेडिकलला शिकणाऱ्या मित्राकडून दात बघायचा छोटा आरसा आणला. पहिल्या टाकीच्या गळ्यात चीर नव्हती. पोलादाच्या नळकांड्यांसाठीचं पिंप त्या मिरजेच्या दुकानातच होतं. त्यात दाब दिला, पाणी चढलं, दाब सोडला, पाणी उतरलं. दुसरीचा नंबर मागाहून होता, म्हणून ती तिथेच ठेवून पहिली आम्ही घरी आणली. भरण्याआधी ती आतून कोरडी ठणठणीत व्हायला हवी होती. मी ती पडवीत उपडी ठेवली.

सकाळी पडवी रिकामी. टाकी सापडली ती आमच्या गुऱ्हाळावर. रस आटवायच्या काहिलीखालच्या चुलाण्याच्या तोंडाशी, धगधगत्या विटांवर ती उभी होती. पिवळा रंग तपकिरी होऊन पापडासारखा फुगला होता. शेजारी थोरले मामा उसाचं कांडं सोलत प्रसन्न चेहऱ्याने बसले होते.

"रातभर ठेवलीया," ते म्हणाले. "आत थेंब उरला असंल तर सांग."

टाकीच्या धातूची ताकद त्याला कारखान्यात बेताने तापवून आणलेली असते. वाजवीपेक्षा जास्त तापला की तो नरम पडतो आणि दिसायला तसाच राहतो. मी हे धाकट्या मामांना बाजूला नेऊन सांगितलं.

"परत रंग दिला तर?"

"रंग येईल. ताकद नाही येणार."

त्यांनी टाकीवरचा फुगलेला रंग नखाने खरवडला. "दोन टाक्यांवर काम उरकतो म्हणून शब्द दिलाय मी. तुझी खात्री हाय का तू घाबरतोयस?"

"दोन्ही," मी म्हणालो.

त्यावर ते हसले आणि टाकी पुन्हा मिरजेला घेऊन चला म्हणाले. तिथे पुन्हा दाब दिला. पाणी नळीत चढलं, आधीपेक्षा पुष्कळ वर चढलं, आणि दाब सोडल्यावर अर्ध्यावर येऊन थांबलं. तिघेही नळीकडे बघत होतो. हवा भरली असती तर ती टाकी कुठेही फुटली असती, कदाचित मामांच्या पाठीवर. मामांनी ड्रिल मागून घेतलं आणि चुकूनही कुणी ती भरू नये म्हणून स्वतःच्या हाताने तिला भोक पाडलं.

घरी आल्यावर ते थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, तुमी माझी टाकी शिजवली."

"जर्मनच्या पातेल्यात रोज दूध तापतंय. त्याला काय हुतंय? हिलाच काय धाड भरली?"

"पातेलं पाठीला बांधून मी नदीत जात न्हाई, दादा."

थोरले मामा जेवायला बसले. ताटावरून उठताना एवढंच म्हणाले, "दुसरी कवा आणणार?"

दुसरी टाकी तपासणीत उतरली. ती आणली तशी थोरल्या मामांनी ताब्यात घेतली. अंगणात उन्हात उपडी ठेवून ते काठी घेऊन शेजारी बसले. कोंबड्या हाकलल्या, कुत्री हाकलली. एक पाहुणे विडी पेटवून जवळून जाऊ लागले, तर त्यांनाही काठीने वाट दाखवली. "आवं लांबनं जावा. शिजंल ती."

मिरजेच्या त्या दुकानाची एक रीत होती. ज्याने टाकी चांगली ठरवली त्याने तिच्या गळ्यावर खूण ठोकायची, आणि पहिल्यांदा हवा भरताना कॉक त्यानेच उघडायचा. पदवी मिळाल्यावर मी पेढे वाटले होते, पण तिचं वजन मला कळलं ते ती हातोडी हातात घेतल्यावर. खूण ठोकली. टाकी पाण्याच्या हौदात उभी केली, कॉक उघडला. दाबाचा काटा हळूहळू चढू लागला. दुकानदार खांबाआड जाऊन उभा राहिला, ते मला फारसं धीर देणारं वाटलं नाही. काटा पूर्ण चढत आला आणि माझ्या कानामागे फाटकन आवाज झाला.

मी हौदापासून दरवाजापर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. दुकानदार खांबामागे खाली बसला होता. धाकटे मामा भेळेची फुटलेली कागदी पिशवी हातात घेऊन उभे होते.

"कॉक बंद कर, इंजिनेर," ते म्हणाले. "टाकी पास हाय. तू नापास."

दुसऱ्या दिवशी मामा नदीत उतरले. एकाच टाकीवर काम म्हणजे खाली जायचं, जमेल तेवढं उपसायचं आणि हवा संपत आली की वर यायचं. मग पुन्हा मिरज, पुन्हा भरणं. काम लांबलं, सोसायटीची माणसं कुरकुरली. अखेर पाइपच्या तोंडातून बाभळीचं खोड आणि त्यात गुरफटलेली कुणाची तरी वाहून आलेली गोधडी निघाली. पंप सुरू झाला. पाटात आधी गढूळ आणि मग नितळ पाणी आलं. सोसायटीचे चेअरमन मामांच्या पाठीवरची टाकी बघायला जवळ आले.

"जुनी दिसतीया," ते म्हणाले. "धोका न्हाई ना? पुढची कामं लय खोल हायत."

धाकट्या मामांनी तोंडातली नळी काढेपर्यंत थोरले मामा पुढे झाले होते.

"भाच्यानं तपासलीया," ते म्हणाले, "आन वाळवलीया मी."