वसंताचा शेपू

वसंता गावी गेला होता आंब्याच्या काड्या आणायला, आणि आली ती त्याच्या जाण्याची बातमी. मुलुंडला आमच्या इमारतीखालच्या वाण्याकडे फोन आला. झोपेतच गेला म्हणे... महिना उलटला, तरी मला त्याचा रागच येतो आहे. एवढी घाई कसली होती रे तुला?

मरोळच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर उभा राहणारा हा माझा शेजारी घरी आला की आंब्याशिवाय बोलायचा नाही. त्याचं गाव सह्याद्रीच्या उतारावर. तिथे रायवळच्या झाडाझाडाची चव निराळी, नाव निराळं. खोबऱ्या, साखऱ्या, शेपू. हापूसला भाव आला तशी ही झाडं तुटत गेली. शेपूचं तर एकच उरलं, त्याच्या धाकट्या भावाच्या परसात. मोहराच्या दिवसांत डोंगरावरून धुकं उतरलं की हापूसचा मोहर काळा पडायचा, शेपू मात्र लगडायचा. "हापूस म्हणजे सगळी एकाच झाडाची कलमं," वसंता म्हणायचा. "एकाला रोग लागला की सगळ्यांची वाट लागली समज. मग कुणाच्या दारात जाशील?" मी चिडवायचो, "पण तुझा शेपू आंबट आहे यार!" मग दोन दिवस अबोला.

कोय पेरून तोच आंबा येत नाही, त्याच झाडाच्या काडीचं कलम बांधावं लागतं. म्हणून तो दरवर्षी ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून आणायचा आणि गॅलरीतल्या डब्यांत वाढवलेल्या रोपांवर बांधायचा. दरवर्षी त्या सुकायच्या. गेल्या वर्षीची एकच तेवढी जगली होती.

दिवसकार्य उरकल्यावर तो भाऊ वसंताच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मुलुंडला पोचवायला आला. मी शेपूची चौकशी केली. तो म्हणाला, "सरणाक आंब्याचा लाकूड लागता ना. बाकी सगळे हापूस. आणि शेपू दादाच्या आवडीचो... तोच तोडलो." कोकणात माणूस गेलं की आंबा तोडतात, ही रीतच आहे. भावाने मायेनेच केलं. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

परवा वहिनींनी गॅलरीत हाक मारली. "भावजी, बघा ना! वरची फांदी वाळली म्हणून मी आशाच सोडली होती, तर पालवी फुटली." किती दिवसांनी त्यांचा चेहरा जरा उजळला होता. मी वाकून पाहिलं. पालवी कलमाच्या सांध्याच्या खालून फुटली होती. म्हणजे ती खालच्या रोपाची, बाजारातल्या कुठल्याशा आंब्याच्या कोयीची. वसंताने बांधलेली काडी वर कडकडीत वाळली होती. शेपू आता कुठेच नाही.

वहिनी तांब्याने पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "यंदा पावसात गावी नेऊ. तो तोडला ना, तिथेच लावू."

मी म्हटलं, "हो, लावू."