पायरी नसलेले ओटे

आमच्या गावचा आठवडी बाजार पूर्वी कडुलिंबांखाली भरायचा. गाव औंढा तालुक्यातलं, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. लिंबाची मोजकीच झाडं होती आणि त्यांच्या सावलीबरोबर बाजार दिवसभर सरकायचा. त्यासाठी माल उचलावा लागत नसे. खाली अंथरलेलं बारदान दोघींनी दोन टोकांना धरून ओढायचं. माझी आई आणि तिच्याशेजारी बसणारी शिरड शहापूरकडची एक शेतकरीण हे काम बोलणं न थांबवता करीत.

आई वाळलेली लाल मिरची आणि लसूण विकायची. मिरची उभ्यानं घेता येत नाही. गिऱ्हाईक उकिडवं बसतं, एक मिरची मोडतं, वास घेतं, बी पाहतं. मग दुसरी मोडतं. तोवर सुनेचं, लेकीच्या बाळंतपणाचं, हळदीच्या भावाचं बोलून होतं. आईचा धंदा या बसण्यावर चालायचा. एकदा बसलेलं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या पिशवीनं उठत नसे.

"अक्का, तुझी मिरची तिखट हाय का नुसतीच लाल?"

"शिंक आली न्हाई तुला अजून?"

"न्हाई की."

"मंग आधी नाक दाखव डाक्टरला. मिरची मागून घे."

दुपारी ग्रामपंचायतीचा माणूस बैठकीची पावती फाडायला यायचा. बैठक म्हणजे बसण्याच्या जागेचं भाडं. रक्कम किरकोळ होती. बहुतेकदा तो पावती न फाडताच मूठभर मिरच्या रुमालात बांधून पुढे जाई. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. त्या मिरच्या गावाच्या जमेत कधी धरल्या गेल्या नाहीत, हेही इथे सांगितलं पाहिजे. बाजार उठल्यावर मैदान झाडलं जायचं, उन्हाळ्यात पाणी शिंपडलं जायचं. पावसाळ्यात मात्र चिखल व्हायचा आणि बाया विटांवर पाट ठेवून बसायच्या.

काही वर्षांपूर्वी बाजारासाठी निधी आला. तो ठरल्या मुदतीत खर्च व्हायला हवा होता, म्हणून काम झपाट्यानं झालं. सिमेंटचे ओटे, वर पत्रे. ओटे कमरेएवढे उंच. विकणाऱ्यानं वर बसायचं, घेणाऱ्यानं समोर उभं राहायचं, अशी कल्पना. शहरातल्या मंडईत तसंच असतं. फक्त ओट्यावर चढायला पायरी ठेवलेली नव्हती. तरुण पोरं हात टेकून एका झेपेत वर जात. बाजारात बसणाऱ्या बऱ्याच बाया उतारवयाच्या होत्या आणि लुगडं नेसून होत्या. त्या लिंबांखालीच बसत राहिल्या. ओट्यांवर कुत्री झोपू लागली. पत्र्याखाली भर दुपारी तीही टिकत नसत.

त्याच वर्षी गावाची घरपट्टी वाढली, पाणीपट्टी वाढली आणि बैठकही वाढली. पावतीचा माणूस बदलला होता. नवा माणूस मिरच्या घेत नसे.

"मावशी, आता ओट्याचा दर हाय."

"मी ओट्यावर हाय का, बाबा? नीट बघ."

"ओटे तुमच्यासाठीच बांधले ना पण."

"मंग मला उचलून वर ठिव, अन् दे पावती."

शेजारीण म्हणाली, "अक्काला उचलायचं तर टेंडर काढावं लागंल."

तो हसला. पावती त्यानं फाडलीच. जाताना एवढंच सांगितलं की येत्या महिन्यापासून लिंबांखाली गाड्या लावणार आहेत, सगळ्यांना पत्र्याखाली जावं लागेल. समोर गिऱ्हाईक बसेल अशी जागा जाणार, हे आईच्या ध्यानात आलं.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. मी नोकरीच्या गावाहून सुट्टीवर आलो होतो, आईसोबत गेलो. बाया मोजक्या होत्या. आईनं बैठक कमी करा असं म्हटलं नाही. तिनं फक्त पायरी मागितली.

ग्रामसेवक समजावून सांगत होते. "ताई, काम पूर्ण झालं. पूर्ण झालेल्या कामात आता काही घालता येत नाही. नवं अंदाजपत्रक करावं लागेल, नवी मंजुरी लागेल."

"अन् दर काहून वाढवला?"

"वसुली दिसली नाही तर पुढचा निधी मिळत नाही."

"पुढच्या निधीत काय करून राहिले तुमी?"

"ओटेच. पलीकडच्या बाजूला."

व्हरांड्यात हशा पिकला. ग्रामसेवकही हसले. ते खोटं बोलत नव्हते. सरपंचांनी पायरीचं बघू म्हटलं आणि सभा गटारीच्या विषयाकडे वळली.

महिना संपला. लिंबांखाली गाड्यांसाठी दोऱ्या बांधल्या गेल्या. त्या बाजाराला शेजारणीनं खालून आधार दिला, एका फळवाल्यानं वरून हात दिला आणि आई ओट्यावर चढली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बसल्या जागेवरून सगळा बाजार दिसत होता. पण गिऱ्हाइकांना बसायला जागा नव्हती. नेहमीच्या बाया यायच्या, मान वर करून भाव विचारायच्या, उभ्याउभ्या एखादी मिरची मोडायच्या, थोडी घ्यायच्या आणि निघायच्या. लेकीसुनांचं बोलणं निघत नव्हतं. संध्याकाळी पोतं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. उतरताना ती पालथी झाली आणि घसरत खाली आली. लुगडं ओट्याच्या कडेला अडकलं. आजूबाजूचे हसले, तीही हसली.

पुढच्या आठवड्यापासून ती जवळा बाजार या गावाला जाऊ लागली. तिथला बाजार वेगळ्या वारी भरतो. आमच्या घरापासून ऑटोनं जावं लागतं, पोत्याचं भाडं वेगळं. तिला कडेची जागा मिळाली, पण जमिनीवर. शेजारीण आली नाही. तिनं माल घरूनच व्यापाऱ्याला द्यायला सुरुवात केली होती. ऊन आलं की बारदान आई एकटीच ओढायची, आधी एक टोक, मग दुसरं. तिथली गिऱ्हाइकं तिला ओळखत नव्हती. समोर बसायची, पण भाव पाडायला.

एकदा सुट्टीत मी तिला आणायला गेलो. आमच्या गल्लीतली एक बाई लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला जवळ्याला आली होती. तिनं आईला पाहिलं आणि कापडाच्या पिशव्या घेऊन थेट समोर आली.

"अगं माय, तू इथं? काहून एवढ्या लांब येऊन राहिली?"

"बस आधी."

ती पिशव्या मांडीशी घेऊन उकिडवी बसली. गावच्या बाजारात आता फार माल येत नाही, म्हणाली. ओट्यांवर लोक हळद वाळायला टाकतात, पावती फाडणारा येतो आणि हळदीच्या मालकाला शोधत फिरतो. आई हसली. मग जावई काय करतो ते विचारलं, लग्न कुठं धरलं ते विचारलं, विहिणीचा स्वभाव विचारला. बाईनं बोलता बोलता सवयीनं एक मिरची मोडली, वास घेतला आणि शिंकली.

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी पोतं बांधायला घेतलं. बाईच्या घरी वर्षाची मिरची भरलेली होती, तिला काहीच घ्यायचं नव्हतं. तरी आईनं तिला बराच वेळ उठू दिलं नाही.