उद्याची हवा सांगणारी

करमाडच्या कडुबाला गावात कुणी भेटलं, की तो आधी खोकल्याची उबळ आवरायचा आणि मग लेकीचं कौतुक सुरू करायचा. "आमची अपेक्षा उद्याची हवा आजच सांगती." लोक चेष्टा करायचे, "मग पावसाचंबी इचार की तिला." कडुबा रागवायचा नाही. उभी हयात खडी क्रशरवर गेलेली, छातीत दगडाची भुकटी साठलेली. आणि लेक शिकली तीही हवेचंच, याचं त्याला कोण अप्रूप.

अपेक्षा शहरात, छावणी भागात भाड्याच्या खोलीत राहायची आणि तिथल्याच एका कचेरीत मराठवाड्याच्या हवेचा अंदाज काढायची. वारा, ऊन, गाड्या, कारखान्यांची धुराडी, उपग्रहाला दिसलेल्या आगी, हे सगळं संगणकाला भरवायचं. मग तो नकाशा रंगवून द्यायचा. हिरवा म्हणजे चांगली हवा, लाल म्हणजे वाईट. डॉक्टरांनी बजावलं होतं, की धुरातली एक संध्याकाळसुद्धा कडुबाला झेपायची नाही. म्हणून ती रोज सकाळी घरी फोन करायची. ती "आज नको" म्हणाली की कडुबा दार लावून आत, नाहीतर दिवसभर ओट्यावर.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी नकाशात करमाड हिरवंगार होतं. "आज खुशाल बाहेर बसा बाबा," ती म्हणाली.

कापूस संपला की शेतकरी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून ढीग घालतात आणि दिवस मावळताना पेटवतात. तेव्हा वारा पडलेला असतो, ठिणगी दुसऱ्याच्या रानात जात नाही. रीत शहाणपणाचीच. पण उपग्रह डोक्यावरून जाणार दुपारी आणि मध्यरात्री. सांजेला पेटून रात्री विझलेली आग त्याला दिसायची कशी, आणि संगणकाला तरी कळायची कशी? मेल्या यंत्राला काय बोल लावायचा. अपेक्षाला मात्र हे ठाऊक होतं. लहानपणी आईबरोबर मजुरीला जाऊन तिनं स्वतः पऱ्हाट्या वेचल्या होत्या, पेटवल्याही होत्या. शिकून मोठी झाली, रोज आगींचा हिशेब संगणकात घालू लागली, पण ते काही तिला आठवलं नाही.

त्या संध्याकाळी शेजारच्या रानात ढीग पेटले. वाराच नव्हता, त्यामुळं धूर हलेना. वस्तीवर बसून राहिला. रात्री कडुबाला दम लागला. शहराकडं नेताना जालना रोडवर, गाडीतच तो गेला.

कडुबाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं उरकली, पाहुणे पांगले. अपेक्षा आईपाशी भिंतीला टेकून बसली. इतके दिवस न विचारलेलं तिनं अखेर विचारलं, "आई, बाबांना धूर दिसला नव्हता का गं?"

"दिसला की," साळूबाई म्हणाली. "डोळ्यातून पानी गळत व्हतं. मी म्हणलं, आत चला. तर म्हणाले, पोरीनं सांगितलंय आज हवा चांगली हाय. तिचं चुकायचं नाय."

मग लेकीला बरं वाटावं म्हणून तिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लई भरवसा व्हता बाई त्यांचा तुझ्यावर."

आईनं शिव्याशाप दिले असते तर अपेक्षानं ते सोसले असते. हा हात तिला सोसेना.