टपालकाकांनी दिलेली उत्तरं

टपालकाका निवृत्त झाले तरी हाडाचे टपालवालेच राहिले. पत्र चुकून आलं तर शेरा मारून परत पाठवायचं, हा त्यांचा धर्म. मुलाने मोबाईलवर ईमेल सुरू करून दिला, तेव्हाही त्यांनी हा धर्म सोडला नाही. कुणी बक्षीस लागल्याचं कळवी, कुणी केस उगवायचं तेल विकी. काका चष्मा पुसून एका बोटाने प्रत्येकाला लिहीत, "आपले पत्र चुकीच्या पत्त्यावर आले आहे. नोंद घ्यावी."

नोंद घेतली गेली, पण भलतीच. आठवड्याला दहा येणारी पत्रं दिवसाला दोनशे येऊ लागली.

इकडे काकूंचा मोतीबिंदू पिकला होता. पुस्तकातली अक्षरं दिसत नसली तरी प्रार्थना पाठ होती, म्हणून निभावत होतं. पण परवा त्यांनी उकळतं पाणी भांड्याऐवजी स्वतःच्या हातावर ओतलं. ऑपरेशनची तारीख ईमेलने यायची होती. सहा आठवडे झाले तरी आली नाही, तेव्हा काका स्वतः इस्पितळात गेले.

"आम्ही दोनदा पाठवली," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा परत आली. तुमची पेटी भरलेली आहे. सोमवारची पाळी दुसऱ्या पेशंटला दिली."

काकांची कानशिलं तापली. घरी येऊन त्यांनी पुतण्याच्या बायकोला बोलावलं. ती विम्याच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसे.

"काका, तुम्ही यांना उत्तरं दिलीत?"

"मग काय, मुक्यासारखं बसायचं?"

"हो. एकदा ओ दिली की त्यांना कळतं, इथे माणूस आहे. मग एकजण तुमचा पत्ता दुसऱ्याला विकतो."

"माझा पत्ता? मला न विचारता?"

"विचारायला ते काय तुमचे व्याही आहेत?"

आतून काकू हसल्या. काका मात्र हसले नाहीत. दुसऱ्याच्या दारात घाण टाकणारे मोकळे, आणि शिकवणी आपल्याला, हे त्यांना पचेना. तरी शिकले. अनोळखी पत्र उघडायचं नाही. त्यातलं काहीही दाबायचं नाही, अगदी 'पत्रं बंद करण्यासाठी इथे दाबा' असं लिहिलं असलं तरी, तेही उत्तरच. तसलं पत्र स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा पत्रांच्या कप्प्यात, ढकलायचं, पण रोज एकदा तिथे डोकवायचं, कारण कधी भलं माणूसही चुकून त्या कोठडीत पडतं. शिवाय इस्पितळासाठी वेगळा पत्ता, जो दुकानदाराने कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही.

जुनी पेटी रिकामी करण्यात दोन दिवस गेले. मग नवा पत्ता कागदावर लिहून काका पुन्हा खिडकीशी उभे राहिले. बाईंकडून तो मोठ्याने वाचून घेतला आणि पत्र मोबाईलवर येईपर्यंत हलले नाहीत.

तारीख पंचवीस दिवसांनंतरची मिळाली.

"चालेल की," काकू म्हणाल्या. "देवाने इतके दिवस सांभाळलंच."

"तुला चालेल. मला नाही. ज्याने तुझे इतके दिवस खाल्ले, त्याचा ठावठिकाणा मला कळायला हवा होता."

"कळला तरी," काकू भाजलेला हात सांभाळत म्हणाल्या, "त्याला काही लिहायला बसू नका."