कूलरशेजारची खुर्ची

राजूनं टाकलेला फासा टेबलावरून घरंगळत खाली गेला. तो उचलायला राजू वाकला आणि त्याचा फोन वाजला. टेबलाखालूनच तो "व्हय... कधी?" म्हणाला. वर आला तेव्हा फासा मुठीतच होता. "श्रीनिवास गेला," म्हणाला. "सकाळी. कारखान्यात मागावर उभा होता, तिथंच." सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. आणि मी विचारलं, "किती पडले फाशावर?" ... दीड महिना झाला. हा प्रश्न माझ्या तोंडून कसा निघाला, मला अजून कळत नाही.

नवी पेठेत राजूच्या भावाचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या माडीवर आम्ही चौघं-पाचजण दर रविवारी दुपारी एक खेळ खेळतो. पोरासोरांचा वाटेल, पण आम्हाला त्याचं वेड आहे. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं. पात्राच्या अंगी कुठला गुण किती, ते कागदावर लिहिलेलं असतं. अवघड प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात तो गुण मिळवायचा, म्हणजे जमलं की फसलं ते ठरतं. गोष्ट चालवणारा मी. कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. राजू बँकेत, अंगानं काडी, पण खेळात पैलवान. श्रीनिवासचा टॉवेलचा कारखाना होता, चार यंत्रमागांचा. तो बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. आणि खेळात त्यानं पात्र घेतलं होतं राजदूताचं. ताकद चार, वक्तृत्व अठरा. कागद बघून राजू म्हणाला होता, "आयला सिन्नू, लई मोठी उडी मारलीस की!" श्रीनिवास नुसता हसला. पोळलेल्या माणसाला सावली हवी असते, इतकं साधं होतं ते. मला तेव्हा दिसलं नाही.

माडीवर पत्र्याचा एक जुना कूलर आहे. आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. श्रीनिवास नेहमी त्याला खेटून बसायचा. आम्हाला वाटायचं, याला उकडतं फार.

दीड वर्षापूर्वीच्या एका रविवारी मी घोषणा केली. पुढच्या खेपेला दूतानं राजासमोर, म्हणजे माझ्यासमोर, कैद्यांसाठी रदबदली करायची, पण फाशावर नाही, स्वतः बोलून. नुसते आकडे टाकून खेळात जीव राहत नाही, असं माझं म्हणणं. श्रीनिवासनं मला जिन्यात गाठलं. प्रत्येक शब्दाशी झटत म्हणाला, "मास्तर, राजूला तू कधी हे टेबल उचलायला लावलंस का? त्याचा पैलवान वेशीचे दरवाजे फोडतो. तो फासा टाकतो, आपण मानतो. मग मलाच का?"

मी म्हणालो, "ते वेगळं. बोलायला तर सगळ्यांनाच येतं की."

एवढं म्हणून मी जिना उतरलो.

तो रविवार उजाडला. श्रीनिवास इस्त्रीचा शर्ट घालून आला, खुर्ची ओढून कूलरशेजारी बसला. त्याचा चेहरा चक्क उजळलेला होता. तो उभा राहिला, आणि मी काय करावं? उठून कूलर बंद केला. "राजाला नीट ऐकू येऊ दे," म्हणालो. खोली एकदम गप्प झाली. श्रीनिवासनं कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'महाराज'मधला म तोंडात आला आणि तिथंच अडकला. किती वेळ, कोण जाणे. राजू हसला असं मी आजवर सांगत आलो. खरं सांगतो, आधी मी हसलो. मग मी म्हणालो, "राजाचा संयम संपला. दूताला सुळावर द्या."

तो पुन्हा आला नाही. मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू... तेवढ्यात ही बातमी.

तेराव्यानंतर भेटायला गेलो. पद्मावहिनी, त्याची बायको, कारखान्यातच होत्या. माग चालू होते. त्या खडखडाटात मोठ्यानं म्हणाल्या, "मागावर हे अडखळत नव्हते ओ, भावजी. आवाज असला की सरळ बोलायचे. तुमच्या त्या राजापुढचं भाषण आठवडाभर हितंच म्हणत होते. मला पाठ झालंय." आणि त्यांनी म्हणून दाखवलं. महाराज, हे लोक चोर नाहीत, यांना फक्त स्वतःची बाजू मांडता आली नाही...

आवाज असला की... आणि तो आवाज मी स्वतः उठून बंद केला होता.

"घरी येऊन म्हणाले, जमलं. राजानं सगळ्यांना सोडलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या म्हणे?" वहिनींनी विचारलं.

मी "हो" म्हणालो.

ते 'हो' झोपू देईना. म्हणून हा लेख इथवर लिहिला आणि छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवायला गेलो. या वेळी त्यांनी माग थांबवायला लावले. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं ओ. त्या दिवशी 'जमलं' म्हणताना 'ज'वर किती अडकले होते... मी यांना म्हटलं, लई चांगलं झालं. तुम्ही कधी सांगताय, बघत होते."

आता थंडी पडली आहे. माडीवर जमलो की मी आधी कूलर लावतो, पाण्याशिवाय, कोरडाच. राजू स्वेटरची बटणं लावतो. ती खुर्ची आम्ही हलवलेली नाही. सगळे एकमेकांशी ओरडून बोलतो.