भेटीच्या वेळेचा श्वास

जालन्याच्या एका हॉस्पिटलात वीस वर्षं स्टोअर सांभाळलं की किस्से शोधावे लागत नाहीत. सलाईनच्या रिकाम्या खोक्यांसारखे ते आपोआप साचतात. मित्र चहाला जमले की म्हणतात, "सांग एखादा!" पूर्वी मी हसवायला सांगायचो. आता सांगताना संताप होतो.

त्या मंगळवारी मी हातमोज्यांची खोकी उघडत होतो. आमचे छोटे डॉक्टर पुण्याच्या कॉन्फरन्सहून परत आले होते. स्टोअरमध्येच चहा घेत ते मोठ्या साहेबांना सांगू लागले, "सर, न्यूमोनिया बिघडून फुप्फुसं ताठ झाली की हवेला थोडीच जागा उरते. आपण व्हेंटिलेटरनं मोठा श्वास रेटतो, त्यानं उरलेली जागाही फाटते. आता छोटा श्वास द्यायचा असं म्हणतात. माणसं वाचतात."

साहेब म्हणाले, "ते पुण्याच्या पेशंटला. आपली शेतकरी माणसं, छाती मजबूत!"

माझी थोरली बहीण, अक्का, याच आजारानं आमच्याच आयसीयूत गेली, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी खोकी उघडत राहिलो.

•

पहिलं व्हेंटिलेटर आलं तेव्हा हार घालून उद्घाटन झालं. पेशंट नव्हता, म्हणून नळीला रबराची पिशवी लावली. पिशवी हळूहळू फुगत होती. देणगीदार शेठ म्हणाले, "एवढंसंच? जरा जोरात करा की! फोटोत दिसलं पाहिजे."

जोरात केलं. पिशवी फाटली.

शेठनी टाळ्या वाजवल्या. "पॉवर आहे मशीनमध्ये!"

•

पुढं कधीतरी त्या मशीनचं एक चाक मोडलं. साहेबांच्या नावानं पोस्टानं रिसर्चची मासिकं यायची, प्लास्टिकच्या वेष्टणासकट माझ्याकडे पडून राहायची. सिस्टर आल्या आणि त्यातली सहा चाकाखाली द्यायला घेऊन गेल्या.

मी साहेबांना विचारलं, "सर, तुम्हाला ती वाचायची नव्हती ना?"

"वेष्टण काढू नका म्हणावं. ओली होतील."

•

श्वास किती द्यायचा ते वजनावर ठरायचं. मंठ्याचा एक आडत्या आला, पोट सुटलेलं, उंचीनं बेताचा. वजन विचारलं तर त्याचा भाऊ म्हणाला, "मागल्या महिन्यातच मोंढ्यातल्या काट्यावर केल्तं. क्विंटलला दोन किलो कमी!" लगेच त्या हिशोबानं मशीन लागलं.

छोटे डॉक्टर म्हणाले, "पोट वाढलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. उंचीवरून ठरवा." आमच्या फॉर्मवर उंचीचा रकानाच नव्हता. त्यांनी तो छापायला सांगितला.

साहेब म्हणाले, "उंची कशाला? पोलीस भरती आहे का?"

•

मग छोट्या डॉक्टरांनी भोकरदनकडच्या एका मेंढपाळाला पालथं झोपवलं. पाठीकडच्या फुप्फुसाला हवा मिळते म्हणे. त्याची आई काचेतून बघून ओरडली, "जित्या माणसाला पालथं घालता व्हय? तोंड तरी दिसू द्या लेकराचं!" डॉक्टर तिच्याजवळ जमिनीवर बसले, अर्धा तास समजावलं. म्हातारी शेवटी म्हणाली, "मंग राहू द्या. बरा होऊन राह्यला ना?"

होतच होता. ऑक्सिजनचा आकडा वर चढत होता.

संध्याकाळी सिस्टरनी त्याला पुन्हा उताणं केलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "साहेबांचा राऊंड आहे. राऊंडला पेशंट सरळ लागतो."

•

आमच्या आयसीयूत एक रीत होती. भेटीची वेळ झाली की ब्रदर व्हेंटिलेटरचं बटण थोडं पुढं फिरवायचा. छाती ठळक वर आली की काचेपलीकडच्या नातेवाइकांना धीर यायचा, भांडणं व्हायची नाहीत. अर्ध्या तासानं मागं घ्यायचा. आठवण राहिली तर.

अक्काला केदारखेड्याहून आणलं तेव्हा दाजी चार दिवस काचेपाशी उभे होते. चहासुद्धा घेत नव्हते. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "पाव्हणं, हिचा श्वास बारीक दिसून राह्यला. इथं तुमची वळख हाय, काही करता येत न्हाई का?"

मी काचेतून ब्रदरला खूण केली. त्यानं बटण फिरवलं. अक्काची छाती भरून वर आली.

"आता बघा कशी बराबर घेऊन राह्यली!" दाजींनी माझे दोन्ही हात धरले. मग खाली जाऊन त्यांनी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही भेटीच्या वेळी ते माझ्याकडे बघून हसले आणि मी पुन्हा खूण केली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

सातव्या दिवशी अक्का गेली.

दाजी अजून गावात चारचौघांत सांगतात, "पाव्हण्यानं तिच्यासाठी मशीन वाढवून घेतलं. सख्खा भाऊ तो!"

मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.