सातच्या बातम्यांतली मी

आमच्या चॅनेलमधले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. न वापरलेल्या फुटेजसारखे ते साठत जातात. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "काय गो, टीव्हीवर मजा असेल ना?" की मी त्यातला एखादा हसण्यासारखा काढून सांगते. पण ओळीने सगळे सांगायचे, तर सुरुवात आमच्या मागच्या दारापासून करावी लागेल.

आमचं घर रत्नागिरीच्या बाहेर, आरे-वारेच्या रस्त्याला, चढावर आहे. मागचं दार सकाळी उघडतं ते दिवे लागेपर्यंत तसंच असतं. त्या दाराने शेजारच्या मालतीकाकू येतात, मांजर येतं, वारा येतो. पुढच्या दाराने फक्त पाहुणे आणि पोस्टमन. एका दुपारी मी कामावरून लवकर आले, सवयीने मागे गेले, तर दाराला आतून कडी. मी दचकले. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. विशेष हे की आईने खिडकीतून आधी माझ्या चपला पाहिल्या, मग चेहरा, मग कडी काढली.

"दिवसाढवळ्या कडी?"

"काल तूच सांगितलंस ना, मागच्या दाराने शिरतात म्हणून."

सांगितलं होतं. सातच्या बातम्यांत. चोरी दुसऱ्याच जिल्ह्यातली होती, पण ते वाक्य सर्वात शेवटी होतं आणि तोपर्यंत आई कडी लावायला उठली असणार.

०

आमचं चॅनेल म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक नंदूकाका. आधी ते घरोघरी केबल जोडायचे, आता बातम्या दाखवतात. कॅमेरा आणि एडिटिंग सादिककडे. लिहायचं आणि वाचायचं माझ्याकडे. कमरेच्या वर मी इस्त्रीच्या जाकिटात असते आणि खाली घरातल्या सलवारीत, कारण टेबलाखालचं कुणाला दिसत नाही.

बुलेटिन दुपारीच रेकॉर्ड होतं. सात वाजता ते लागतं, तेव्हा मी बहुतेक वेळा घरी आईच्या शेजारी चहा पीत असते. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. सुरुवातीला तिला गंमत वाटायची. एकदा मी तिला सांगत होते की आज ऑफिसमध्ये काय झालं, येताना कोण भेटलं. तिने टीव्हीवरची नजर न काढता माझ्या मांडीवर चापट मारली.

"गप्प बस जरा. तू काय सांगतेस ते ऐकू दे."

०

समुद्र खवळला की आमच्याकडे एकच लाट आहे. सादिकने कधीतरी बंधाऱ्यावर उभं राहून घेतली होती. लाट फुटते, पाणी कॅमेऱ्यापर्यंत येतं आणि कोपऱ्यात सादिकचा भाऊ छत्री सोडून पळतो. हवामानाचा कुठलाही इशारा आला की तीच लाट. खाली 'संग्रहित' असं लिहूया, असं मी एकदा सुचवलं.

"लिही की," नंदूकाका म्हणाले. "पण बारीक लिही. पाणी पाणीच असतं, पोरी. त्याला कुठे तारीख असते?"

त्या दिवशी सातला मी ऑफिसातच होते; लाट बघून आईने फोन केला आणि मला समुद्रालगतच्या रस्त्याने येऊ दिलं नाही. आतल्या रस्त्याने मोठा वळसा घालून घरी पोचले, तर ती दारातच उभी. मी म्हटलं, अगं, ती लाट जुनी आहे.

"माहितेय मला. त्या पळणाऱ्या पोराला आता केवढी दाढी आलीय. आपल्या कोळणीकडे मासे घ्यायला येतो तो."

"मग?"

"जुनी असली तरी आली होतीच ना?"

ही तीच बाई, जी शाळेत शिकवायला रोज ओसाड सड्यावरून एकटी चालत जायची. पडवीत फुरसं निघालं, तर काठीवर उचलून कुंपणापलीकडे टाकून यायची आणि हात धुऊन भाकऱ्या थापायला बसायची. तेव्हा मी पलंगावर चढून रडत असायचे. आमच्या घरात घाबरायचं काम माझं होतं.

०

एकदा सकाळी ऑफिसच्या फोनवर एक आजोबा. आवाज थरथरत होता.

"काल तुमच्या बातम्या लागल्या नाहीत. फार मोठं काही झालंय का?"

मी म्हटलं, वीज गेली होती, काका.

"मग बाहेर पडू ना?"

फोन ठेवला. तशीच जाऊन नंदूकाकांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, एक दिवस फक्त चांगल्या बातम्या देऊ. ते हसले, पण बऱ्या मूडमध्ये होते. दिल्या. आंब्याला मोहोर चांगला आला. एका शाळेतल्या मुलींनी कबड्डीत ढाल आणली. एका वाडीत रस्ता झाला आणि लोकांनी त्यावर रांगोळी काढली. बुलेटिन लागलं तेव्हा मी ऑफिसातच थांबले होते. सादिक मोबाइलवर आकडे बघून म्हणाला, "मॅडम, आज बघणारे निम्मेसुद्धा नाहीत." मला पर्वा नव्हती. मला एकच बघणारी हवी होती.

घरी गेले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत टीव्हीसमोर बसली होती.

"बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं," ती म्हणाली. "काय लपवताय तुम्ही?"

०

मालतीकाकूंनी घावनं आणली, तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. मागचं दार बंद, म्हणून त्या वळसा घालून पुढच्या दाराला आल्या. आईने खिडकीतूनच ताट घेतलं, छान हसली, विचारपूस केली. काकू गेल्यावर ताट तसंच ओट्यावर ठेवलं आणि संध्याकाळी घावनं नारळाच्या आळ्यात पुरली. आदल्याच आठवड्यात आम्ही गुंगीचं औषध घातलेल्या प्रसादाची बातमी चालवली होती. कुठल्या तरी गाडीतली, कुठल्या तरी प्रवाशांची.

काकूंना कळलं, कारण नारळाचं आळं दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्याला लागून आहे. त्यांनी मला रस्त्यात गाठलं.

"बाय गो, एक विचारू? तू आमच्या घरात लहानाची मोठी झालीस. माझ्या हातचं खाऊन तुला कधी झोप आली काय गो?"

मी मान खाली घातली.

"नाय, तुझ्यावर राग नाय माझा," काकू म्हणाल्या. "पण टीव्हीत असतेस तेव्हा एकदा माझं नाव घेऊन सांग. मालती चांगली बाई आहे म्हणून. माझं ती ऐकत नाय, तुझं ऐकते."

०

आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले, तेव्हा बाहेरच्या खोलीत आमचंच चॅनेल लावलेलं होतं. बाकड्यावर पाच-सहा पेशंट मान वर करून माझ्याकडे बघत होते. मी स्वतः त्यांच्या शेजारी बसले होते, त्याचं कुणाला काही नव्हतं.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. रक्तदाब फार वाढलेला. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड. गोळ्या लिहून दिल्या, रोजच्या रोज, न चुकता. मग चष्म्यावरून आईकडे बघून म्हणाले, "बाई, हे असंच राहिलं तर एखाद दिवशी घरात एकट्या असताना कोसळाल. गोळ्यांचं काम गोळ्या करतील. तुम्ही एक करा, बातम्या बंद करा."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी भलतंच काही सांगितलंय.

"मुलगी आहे ती माझी. तिला कशी बंद करू?"

दुसऱ्या दिवशी मी नंदूकाकांना म्हटलं, मला वाचनातून मोकळं करा. मी लिहीन, फोन घेईन, झाडूही मारेन, पण पडद्यावर दुसरं कुणी बसवा. त्यांनी खरंच विचार केला. पंखा बंद करून विचार केला.

"नाही जमणार," ते म्हणाले. "तुझा चेहरा घरातल्या पोरीसारखा आहे. इतर चॅनेलवाल्यांचं बघून लोक नुसते घाबरतात. तुझं बघून विश्वासाने घाबरतात."

०

मग आली ती खोट्या आवाजाची बातमी. हल्ली फोनवर तुमच्याच मुलाचा, मुलीचा आवाज काढून लोकांना फसवतात. स्क्रीनवर नाव ओळखीचं दिसलं तरी भुलू नका, रडणं ऐकून विरघळू नका, ताबडतोब फोन ठेवा. बातमी खरी होती आणि उपयोगाचीही. मीच लिहिली. 'ताबडतोब' एकदाच होतं, नंदूकाकांनी ते तीनदा घातलं.

"आणि नमुना पाहिजे," ते म्हणाले. "असा खोटा फोन कसा येतो ते लोकांना ऐकवायला हवं."

सादिक म्हणाला, तसला आवाज बनवायचं ॲप शोधावं लागेल, वेळ लागेल.

"ॲप कशाला? हिला बोलू दे ना. हिच्या आवाजाची नक्कल हिच्याइतकी चांगली कोण करणार?"

आम्ही हसलो. मीसुद्धा. मग सादिकच्या मोबाइलमध्ये तोंड घालून बोलले, आधी कोरडं, मग नंदूकाकांनी "रड थोडी" म्हटल्यावर रडत. नाव माझंच घेतलं, ते खरं वाटतं म्हणून. "आई, मी दीप्ती बोलतेय. मी अडकलेय गं. माझं ऐक, फोन ठेवू नको."

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. बाहेरून माझंच रडणं ऐकू आलं आणि पळी हातातून पडली. धावत बाहेर आले. आई टीव्हीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत टीव्हीकडे.

"म्हणजे अगदी तुझ्यासारखा आवाज काढतात?"

"काढतात."

"आणि नावही तुझंच दिसेल?"

"दिसू शकतं."

तिचा चेहरा इतका उतरला की मला हसून काहीतरी सांगणं भाग पडलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिचे दोन्ही हात धरले.

"अगं, सोप्पं आहे. फोनमधलीवर विश्वास ठेवायचा नाही. जी डोळ्यांसमोर दिसते, ती खरी दीप्ती."

तिने मान डोलावली. शाळेत मुलांचं पाठांतर घेताना डोलवायची तशी, हळूहळू, दोनदा.

०

परवाची गोष्ट. दुपारी बुलेटिन रेकॉर्ड झालं, मी जाकीट काढून निघणार, तोवर फोन आला की हातखंब्याला टँकर उलटलाय. सादिक म्हणाला, चला मॅडम, त्याच्या बाइकवर गेलो. घाटातल्यासारखा पाऊस. पोचलो तेव्हा हायवे दोन्ही बाजूंनी बंद झालेला. टँकरमधून काय गळतंय हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून पोलीस आम्हाला पुढेही सोडेनात आणि मागेही. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली शेपन्नास माणसांत आम्ही दोघं उभे.

आईला कळवायला फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. परत लावला. परत तेच. वाटलं, अंगणात असेल.

मग काकूंचा फोन आला.

"दीप्ती, तू कुठे आहेस गो? तुझी आई ओ देत नाय. दुपारपासून हाका मारतेय मी. दोरीवरचे कपडे भिजून चिंब झाले तरी आत घेतले नाय तिने. आतून नुसता टीव्ही ऐकू येतोय."

"सकाळची गोळी घेतली होती का तिने? विचारलंत?"

"अगो, दार उघडेल तेव्हा विचारू ना."

"काकू, दार तोडायला सांगा कुणाला तरी."

"सांगते. पण माणसं यायला वेळ लागेल या पावसात. तू लाव फोन. तू लावत राहा."

मी लावत राहिले. रिंग, रिंग, आणि शेवटी ती रेकॉर्ड केलेली बाई, जिला आपण उत्तर देऊ शकत नाही. डॉक्टरांचं वाक्य डोक्यात नुसतं फिरत होतं. टपरीखालच्या कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, तिलाही मी दचकले. सादिकने कॅमेरा कधीच पिशवीत घालून टाकला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "सात वाजलेत. त्या आता टीव्हीसमोर असतील."

मी पुन्हा लावला. रिंग वाजली, वाजत राहिली, आणि मध्येच थांबली. पलीकडून फोन उचलला होता. आधी ऐकू आला माझाच आवाज, स्वच्छ, न दचकणारा, नमस्कार म्हणून सातच्या बातम्या सुरू करणारा.

"आई!" मी ओरडले. "आई, मी दीप्ती बोलतेय. मी अडकलेय गं. माझं ऐक, फोन ठेवू नको."

मग आईचा आवाज आला. बारीक, पण कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता इतका ठाम.

"पुन्हा इथे फोन करू नका. माझी दीप्ती माझ्या डोळ्यांसमोर बसलीये."